काळा राणीछाप

दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी चंद्रभागा घरातले चांदीचे राणीछाप रुपये चिंच आणि राखेने घासून लख्ख करायची. तिची धाकटी जाऊ राहीबाई मात्र आपला एकुलता एक रुपया घासायला फडक्यातून सोडायची नाही. "माझ्या आयेचा हात लागलाय त्याला, मी नाय घासायची!" तो काळवंडला, कडेने निळा-जांभळा झाला. "असला काळतोंड्या पूजेत नको गो," म्हणत चंद्रभागा दरवर्षी राहीबाईने मांडलेला तो रुपया पाटावरून उचलायची.

यंदा दिवाळीच्या तोंडावर जुन्या नाण्यांचा एक शौकीन मुंबईहून एस.टी.ने बिरवाडीला आला. चंद्रभागेने लखलखीत रुपये त्याच्यापुढे ओतले. त्याने एक उन्हात धरला नि कपाळाला हात लावला. "बाई, राणीचं नाकसुद्धा घासून टाकलंत! याचे चांदीच्या वजनाइतकेच पैसे." मग राहीबाईने फडकं सोडलं, नि तिच्या रुपयावर त्याची नजर खिळली. "राणी जशीच्या तशी! आणि हा रंग वर्षानुवर्षं आपसूक चढतो, करून येत नाही. या एकट्याचे त्या सगळ्या ढिगाहून जास्त देतो."

राहीबाईने रुपया पुन्हा फडक्यात बांधला. "मला विकायचा हाय कुठं? जाऊबाईंच्या कानावर घालायचं होतं."

त्या लक्ष्मीपूजनाला काळा रुपया पाटाच्या मधोमध बसला. तिथे तो चंद्रभागेनेच ठेवला, बोटं लागू नयेत म्हणून फडक्यात धरून.