पुठ्ठ्याचा घोडा

मुलांनी बघावं असं टीव्हीवर आता काही उरलेलं नाही, हे सुभाषचं ठाम मत होतं आणि कोणी विचारलं नाही तरी तो ते मांडायचा. आठवडाभर न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटकडे कंटेनरच्या कागदांत डोकं घालायचं, पोरगी झोपल्यावर घरी पोचायचं, आणि रविवारी नेरूळच्या घरात जरा टेकावं तर आठ वर्षांच्या सईने केबलवर कार्टून लावलेलं. कोणीतरी कोणाच्या तरी टाळक्यात हातोडा घालतंय, सगळे हिंदीत किंचाळतायत, आणि पोरगी साधी हसतसुद्धा नाही, नुसती बघतेय. सुभाषचा जीव तुटायचा.

"आमच्या वेळी..." तो सुरू करायचा.

"पुठ्ठ्याचा घोडा!" त्याची बायको क्षिप्रा स्वयंपाकघरातून वाक्य पुरं करायची.

लहानपणी लालबागच्या चाळीत, शेजारच्या रावसाहेबांच्या खोलीत जमिनीवर बसून तो मुलांचा कार्यक्रम बघायचा. त्यात एक राजा होता आणि त्याचा पुठ्ठ्याचा घोडा. घोड्याच्या आत दोन माणसं. एका भागात पुढचा निघतो लढाईला आणि मागचा पळतो घरी. घोडा मधोमध फाटतो. हसून हसून पोट दुखलं होतं, हे सुभाषने सईला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला तो भाग न बघताच पाठ झाला होता.

आणि काय नशीब बघा, ऑफिसातल्या वामनरावांच्या ओळखीतून नेमक्या त्याच भागाची कॅसेट हाती लागली. घरी व्हीसीआर नव्हता. पण केबलवाल्या रणजीतचं स्वतःचं एक चॅनेल होतं. त्यावर तो पिक्चर लावायचा, खाली वाढदिवसांची आणि साड्यांच्या सेलची पट्टी फिरवायचा, आणि कोणी मस्का मारला तर घरच्या लग्नाची कॅसेटही सगळ्या सेक्टरला दाखवायचा.

"सुभाषभाऊ, रविवारी सकाळी पब्लिकला पिक्चर लागतो," रणजीत डोकं खाजवत म्हणाला. "शिव्या मला पडतील."

"अर्धाच तास रे. पोरं काहीतरी चांगलं बघतील."

"बरं, तुमच्यासाठी. पण पट्टीत नाव तुमचंच टाकणार. बोंबललं पब्लिक तर तुमच्याकडे पाठवतो."

रविवारी सुभाष सकाळीच अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून टीव्हीसमोर बसला. जणू मुलगी बघायला निघालाय, असं क्षिप्रा म्हणाली. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं: आज सई हसली की तिचं ते हातोडेवालं कार्टून आपोआप सुटेल, आणि बापलेकीला दोघांचं म्हणून काहीतरी मिळेल. आठवड्यातून एकदा दिसणाऱ्या बापाला आणखी काय हवं असतं? सईसुद्धा रिमोट बाजूला ठेवून शहाण्यासारखी त्याला चिकटून बसली.

कार्यक्रम सुरू झाला. राजा बोलायचा, थांबायचा, पुढचं वाक्य आठवायचा. मागचा पडदा वाऱ्याने हलत होता. एक बाई मुलांना दात घासायचं महत्त्व सांगून गेली, ती जाता जाईना. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "अरे, हे काय लावलंय?" सुभाषने जांभई दाबली, आणि आपण जांभई दाबतोय हे लक्षात येताच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग घोडा आला. पुढचा लढाईला निघाला, मागचा घरी. घोडा फाटला.

एवढंच? हे तर दोन माणसं पुठ्ठ्यात अडकून धडपडली, बस्स. सुभाषला हसू आलं नाही. त्याला आठवले आप्पा, त्याचे वडील. मिलमधून आले की भिंतीला पाठ लावून गप्प बसणारे, कोणाशी अवाक्षर न बोलणारे आप्पा त्या दिवशी रावसाहेबांच्या दारात उभे होते आणि घोडा फाटल्यावर मांडीवर थाप मारून, खोकला येईपर्यंत हसले होते. तसे हसताना सुभाषने त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. तो घोड्याला हसलाच नव्हता. तो आप्पांकडे बघून हसला होता.

इतकी वर्षं आपण उगाच घोड्याचं कौतुक करत फिरलो. हसायची वेळ केव्हाच निघून गेली होती. पडद्यावर राजा पुन्हा वाक्य आठवत उभा होता.

"बाबा," सईने हळूच विचारलं, "तो हसायचा भाग झाला का?"

त्याने वळून पाहिलं. सई टीव्हीकडे बघतच नव्हती.

"नाही गं," तो म्हणाला. "यायचाय अजून."

"मग आला की तुम्ही हसा हं," ती म्हणाली, "म्हणजे मला कळेल." आणि उरलेला सगळा वेळ ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली.