कानाच्या पाळीइतकी मऊ

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही आगाशीच्या एका वाडीत उभे आहात. थंडीचं कोवळं ऊन पडलंय. समोर बांबूचा बुटका मांडव आहे आणि त्यावर सोललेली राजेळी केळी ओळीनं वाळत घातली आहेत. गुळासारखा वास येतोय ना? आता हळूच बोट पुढे करा... पण थांबा. आधी अनसूयेला विचारायला हवं.

स्वातंत्र्य मिळून दोन पावसाळे झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. अनसूया नऊ वर्षांची होती. तिची आई दरवर्षी सुकेळी करायची. सकाळी केळी उन्हात मांडायची, उलटायची, आणि दव पडायच्या आत घरात न्यायची. असे आठ-दहा दिवस. अनसूया रोज मागे लागायची, "आई, झाली?"

"मला काय विचारतेस? बोटाला विचार." मग आई खाली वाकून आपला कान पुढे करायची. "केळं दाब. मग माझ्या कानाची पाळी दाब. दोन्ही सारखी लागली की झाली."

"माझाच कान दाबते की!"

"आपला कान आपलीच बाजू घेतो, लबाडे. खायची घाई असली की लगेच 'झाली' म्हणतो."

त्या वर्षी केळी मांडून तीनच दिवस झाले होते, तोच आईला ताप चढला. बाबांनी, म्हणजे काशिनाथनं, तिला बैलगाडीतून विरारला आणि तिथून मुंबईच्या इस्पितळात नेलं. गाडीत बसताना आई एवढंच म्हणाली, "अनू, दव लागू देऊ नकोस हं."

अनसूयेनं दव लागू दिलं नाही. रोज सकाळी केळी मांडली, रोज संध्याकाळी आत आणली. केळी मांडल्यापासून आठव्या दिवशी बाबा एकटेच परत आले.

घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. जिजाआत्या तेवढी राहिली. अनसूया मात्र केळी मांडतच होती.

"सुतकात कसली गं सुकेळी?" आत्या म्हणाली.

"राहू दे तिला," बाबा म्हणाले. ते दिवसभर पायरीवर बसून असायचे.

केळी मांडल्याचा दहावा दिवस गेला, अकरावा गेला. चार वर्षांचा धाकटा एकनाथ रोज विचारायचा, "ताई, झाली?"

"आज नाही."

बाराव्या दिवशी आत्यानं एक केळं दाबून पाहिलं. "अगं पोरी, आणखी एक ऊन लागलं तर खडे होतील! तुझ्या आईच्या हातची शेवटची आहेत ती. वाया घालवणार आहेस का?"

"मी कसं सांगू?" अनसूया ओरडली. "आईचा कान कुठंय?"

पायरीवर बाबांनी तोंड फिरवलं.

खरं तर अनसूयेच्या बोटाला दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं. पण आपण 'झाली' म्हटलं की आईचं काम संपलं. केळी मांडवावर आहेत तोवर वाटायचं, आई मागच्या दारानं येईल, ओले हात पदराला पुशील आणि कान पुढे करील. त्या पाळीवर कुडीच्या मळसूत्राचा बारीक वण होता. तोसुद्धा बोटाला आठवत होता.

एकनाथ मांडवाला लोंबकळत होता. "ताई, सांग ना. झाली?"

अनसूयेनं डोळे पुसले. तिनं एक केळं दाबलं. मग हात लांब करून एकनाथच्या कानाची पाळी दाबली.

"गुदगुल्या होतात!" तो खिदळला.

"गप उभा राहा."

तिनं पुन्हा केळं दाबलं, पुन्हा कान. मग ती एकनाथपुढे वाकली, केस मागे सारले आणि आपला कान त्याच्यासमोर धरला.

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "बोटाला विचार."