मुळासकट तेरडा

“केसरीनाथ, याला मुळं कुठं हायेत?”

धोंडूबाईंनी तेरड्याची जुडी उलटी धरली होती. देठ सुरीने कापलेले, सगळे एका मापाचे. केसरीनाथ दारात बूट काढत होता. धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून, घामाघूम होऊन तो ती जुडी घेऊन आला होता.

“आई, सगळा बाजार हेच घेतो. गवरीला काय कळतंय?”

“तुला न्हाय कळत, तिला कळतं. जल्ला, पाय तोडून कुनी माहेरवाशिणीला घरी आणतं काय?”

स्वयंपाकघरात सून मृणाली हसली. “बघा हां, तुमच्या आईला आता ऑनलाइनपण मुळं मिळणार नाहीत.”

कोन गावातल्या या घरात गवर म्हणजे तेरडा. मुखवटा नाही, मूर्ती नाही. मुळांना माती धरून असलेली झाडं सुपात घालून आणायची आणि तांब्यात उभी करायची. मुळं म्हणजे तिचे पाय. घरामागच्या वाडीत तेरड्याला कधी तोटा नव्हता. बांधाला गवती चहा, विहिरीकडे अडुळसा, कुंपणावर कळलावी आणि श्रावण लागला की मधल्या सगळ्या जागेत तेरडा. खोकल्याला अडुळसा, तापाला गवती चहा न्यायला आळीतल्या बाया यायच्या. कळलावीला मात्र धोंडूबाई कुणाला हात लावू देत नसत. ती विषारी, नुसती बघायची.

मागच्या वर्षी वाडी गोदामाला गेली. मुरूम पडला, सिमेंट पडलं, निळ्या पत्र्याची भिंत उभी राहिली. अंगणातही पेव्हर ब्लॉक आले. धोंडूबाईंनी गच्चीवर रंगाचे रिकामे डबे मांडले आणि वाचवता येईल ते त्यांत लावलं. ओवा जगला, गवती चहा जगला. पुरचुंडीतलं तेरड्याचं सगळं बी त्यांनी पेरलं होतं. रोपं बोटभर वर आली आणि पिवळी पडून बसली.

उद्या गवर यायची होती. संध्याकाळी धोंडूबाई गोदामाच्या फाटकापाशी गेल्या. फटीतून पलीकडच्या भिंतीशी गुलाबी रंग दिसला. लांबचं त्यांना आता नीट दिसत नसे, पण हा रंग चुकण्यासारखा नव्हता. तेरडा कधी एकटा उगवत नाही, एक दिसला की मागे पसारा असतो. त्यांनी पदराच्या गाठीतले तांदूळ काढून फाटकाखालून आत टाकले आणि हात जोडले.

“उद्या सकाळी न्यायला येते. चल माझ्यासंगं.”

ही सासूची, रंगूबाईंची रीत. औषधाचं मूळ असो की गवर, झाडाला आदल्या दिवशी आमंत्रण द्यायचं, मगच उपटायचं. आणि एकदा बोलावलं की न्यायलाच पाहिजे. बोलावून न नेलेलं झाड त्या घराला पुन्हा लागू पडत नाही, असं रंगूबाई सांगत.

सकाळी त्या सूप घेऊन गेल्या तर वॉचमन आडवा आला. त्याचं नाव रामसुमेर. वर्षभर फाटकावर होता, पण बोलणं कधी झालं नव्हतं.

“अम्मा, अंदर किधर? साब देखेंगे तो मेरी ड्युटी जाएगी.”

“अरे, ये वाडी मेरी थी. फूल लेके जाती हूं, गोदाम नहीं.”

त्याला हसू आलं. त्याने लहान दार उघडलं.

भिंतीशी झाड एकच होतं. भिंत आणि गटार यांच्यामध्ये वीतभर माती उरली होती, तिच्यात ते उभं होतं. कुणीतरी भोवती विटांचे तुकडे लावले होते. माती ओली होती.

“बाकी सब घास उखाड़ दिया,” रामसुमेर म्हणाला. “इसका फूल अच्छा लगा, तो छोड़ दिया. मुंह धोता हूं तो पानी इसीको देता हूं. इधर बात करने को है कौन?”

धोंडूबाई खाली बसल्या. फुलांच्या खाली शेंगा धरल्या होत्या, लवदार, हिरव्या. त्यांनी एक शेंग दोन बोटांत दाबून पाहिली. घट्ट होती. अजून पंधरवडाभर हे झाड इथे राहिलं असतं तर शेंगा पिकून आपोआप फुटल्या असत्या आणि पुढच्या पावसात सगळी भिंत गुलाबी झाली असती. आज उपटलं की संपलं.

“मी बोलवून ठेवलं रे याला,” त्या म्हणाल्या. “आधी बघाया पायजे होतं.”

रामसुमेरला काही कळलं नाही. “पूजा के लिए ना? ले जाओ, अम्मा. देवी का काम है.” मग जरा थांबून त्याने विचारलं, “बीज मिलेगा क्या? फिर से लगाऊंगा.”

“दूंगी,” धोंडूबाई म्हणाल्या.

झाड सहज निघून आलं. मुळाला मूठभरच माती होती.

उंबऱ्यावर मृणालीने त्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि रीतीप्रमाणे विचारलं, “गवर कुठून आली?”

दरवर्षीचं उत्तर ठरलेलं होतं: आपल्या वाडीतून. धोंडूबाई सूप धरून उभ्या राहिल्या.

“आई, बोला ना. आरती विझेल.”

“वॉचमनच्या घरून,” धोंडूबाई म्हणाल्या आणि आत आल्या.

गवर घरात होती तोवर धोंडूबाई येता-जाता शेंगांना हात लावून बघत. विसर्जनाच्या दुपारी त्यांनी सगळ्या शेंगा खुडल्या आणि ताटलीत एकेक फोडली. पिकलेलं बी तपकिरी, टणक असतं. हे पांढरं होतं, नखाने दबणारं.

“उगवेल का हे?” मृणालीने विचारलं.

“न्हाय.”

“मग ठेवता कशाला?”

धोंडूबाईंनी बी पदराच्या गाठीत बांधलं.

रामसुमेर वाटच बघत होता. झाडाच्या जागी त्याने सळईने माती उकरून भुसभुशीत केली होती. खडी वेचून बाजूला ठेवली होती. विटांचे तुकडे पुन्हा गोल लावले होते.

“लाए, अम्मा?” गाठ सुटताच तो वाकला. “इतना सफेद?”

धोंडूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “ऐसाच होता है.”

भिंतीला हात टेकून त्या खाली बसल्या. बोटाने मातीत खळगे करून एकेक बी ठेवलं, वरून माती ओढली, तळव्याने हलकी दाबली. चांगल्या बियाला करायचं ते सगळं केलं.

“कब आएगा?”

“अगले बरसात में.”

त्याने बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं. “बस?”

धोंडूबाई मातीकडे बघत होत्या.

“और थोड़ा,” त्या म्हणाल्या.