शेवंताबाईचे पसरलेले तळवे

१९७६ साली मी बिशप झालो, तेव्हा जळगावच्या मंडळीनं माझा सत्कार केला. बोलणारा म्हणाला, "आमचे साहेब नियमाला पक्के!" टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची मात्र लाहीलाही झाली.

त्या नियमाचंच सांगतो. साठ साली मी धुळ्यात साधा पाद्री होतो. आमच्यात बाप्तिस्मा झाला तरी बिशपनं डोक्यावर हात ठेवून त्यावर शिक्कामोर्तब, म्हणजे दृढीकरण, केल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर मिळत नाही. पाद्र्याला तो अधिकार नाही. आणि आमचे बिशपसाहेब बसले होते मुंबईत. एका वर्षी पांझरेला पूर आला, एका वर्षी त्यांचं पोट बिघडलं, एका वर्षी विलायतेत सभा निघाली. दर वेळी आम्ही चर्चला चुना मारायचो आणि दर वेळी न येण्याची तार यायची.

शेवंताबाई जिनात कापूस निवडायची. उतारवयात बाप्तिस्मा घेतलेली. दर रविवारी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून दोन्ही तळवे पसरायची. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचो आणि भाकर शेजारच्याला द्यायचो.

"बठ्ठास्ले भेटस, पाद्रीभाऊ, मालेच नही. मी काय पाप करं?"

"अक्का, साहेबांना येऊ देत."

सात वर्षं हेच. मी साहेबांवर नुसता चडफडत राहिलो. शेवटी एकदाची तारीख ठरली. शेवंताबाईनं पांढरं लुगडं घेतलं. साहेब सोमवारी यायचे होते, ती शुक्रवारी गेली. त्याच लुगड्यात तिला पुरलं.

सोमवारी कबरीपाशी माझा तोल सुटला. "सात वर्षं ती भाकरीवाचून राहिली, साहेब. तुमच्यामुळे!"

साहेबांनी गोंधळून विचारलं, "पण तुम्ही दिली का नाहीत?"

माझ्याच हातातलं प्रार्थनापुस्तक घेऊन त्यांनी दृढीकरणाचं शेवटचं पान उघडलं. तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं : दृढीकरण झालेलं नसलं, तरी ते घेण्याची ज्याची तयारी आणि इच्छा आहे, त्याला प्रभुभोजन द्यावं.

त्या ओळीवर माझ्या अंगठ्याचा तेलकट डाग होता. दृढीकरणाचे धडे शिकवताना मी पुस्तक तिथेच धरायचो.

आता पिंपळनेर असो की चोपडा, मी ठरल्या दिवशी पोचतो. लोक कौतुक करतात. त्या सात वर्षांत चिडायला मला निदान साहेब तरी होते.