डावा पाय की उजवा?

चितेगावात रामकिसनच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. आठ महिन्यांपूर्वी शेडच्या पत्र्यावरून पडून कमरेखाली लुळा झालेला हा माणूस आज काटेमहाराज उठवणार होते. आठ महिन्यांत एकदाही न फिरकलेले भाऊबंद पहिल्या रांगेत मोबाइल धरून सज्ज होते.

महाराजांनी बाभळीचा काटा रामकिसनच्या तळव्याला टोचला. पाय झटक्यात वर उडाला.

"उठला! माझ्या लेकाचा पाय उठला!" कडूबाईनं तिथंच लोटांगण घातलं.

"देवीनं नस मोकळी केली," महाराज म्हणाले. "आता तापल्या इटांवर पाय ठिवा. जळलाच तर शनी जळंल, कातडी नाय. आन् दवाखाना बंद!"

चुलीत विटा लाल झाल्याच होत्या.

रत्नमाला, रामकिसनची बायको, दारातून बघत होती. हा चमत्कार तिच्या घरात रोज घडायचा. ओल्या फडक्यानं पुसताना, कूस बदलताना तो पाय अस्साच उडायचा. फक्त तेव्हा बघायला गर्दी नसायची. पहिल्यांदा तीही आनंदानं रडली होती. मग उस्मानपुऱ्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिला बसवून सगळं समजावलं होतं.

एका भाऊबंदाच्या चिमट्यात वीट दिसताच ती पुढं झाली. तिनं नवऱ्याच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला.

"महाराज, आता टोचा. कोणता पाय, ते हे सांगतील."

"बाई, शंकेनं शक्ती उतरती."

"लईच नाजूक हाय की तुमची शक्ती!"

लोक हसले. महाराजांना टोचावंच लागलं. उजवा पाय उडाला.

"सांगा, डावा की उजवा?"

"टोचा की आधी," टॉवेलाखालून रामकिसन म्हणाला. "मी वाट बघतोय."

रत्नमालेनं उडालेल्या पायाकडं बोट दाखवलं.

"ऐकलं? पाठीच्या मणक्यातून मज्जारज्जू जातो. यांचा मधीच तुटलाय. काट्याची कळ खालच्या तुकड्यापर्यंत जाती, अन् तो परस्पर पाय उडवतो. मेंदूला पत्ताच नाय. पाय जळाला तर यांना वास यील, कळ नाय यायची."

कडूबाईनं चिमटा हिसकावून वीट पाण्याच्या बादलीत टाकली. महाराजांना एकाएकी पाचोडचा बाजार आठवला, अन् त्यांनी काढता पाय घेतला.

रामकिसननं टॉवेल काढला. "म्हंजी पाय उठला नाय?"

"नाय," रत्नमाला म्हणाली. खोटं बोलणं सोपं होतं.

त्यानं हातानं आपला पाय सरळ केला. मग गर्दीकडं वळला.

"पाय हालला, ते समद्यांनी बघितलं. मला काय कळलं, ते हिनंच इचारलं. पुढच्या येळी हात जोडायच्या आधी एवढं तरी इचारत जा."