रिकामे समजलेले पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुने पिस्तूल आहे. दचकू नका, आता माझ्यातून साधी टिकलीसुद्धा वाजणार नाही.

माझा जन्म झाला तेव्हा सैन्यात रिव्हॉल्व्हरचा रुबाब होता. त्याचा कारभार उघडा. गोल चक्रात गोळ्या आहेत की नाहीत, ते डोळ्यांना दिसे. माझ्या गोळ्या मात्र मुठीत सरकवलेल्या मॅगझिनच्या डबीत दडलेल्या. एक उडाली की मीच रिकामी पुंगळी बाहेर फेकायचो आणि पुढची गोळी नळीत ओढून घ्यायचो. चाचणीत मला चिखलात लोळवले, वाळूत पुरले, तरी मी अडलो नाही. अधिकारी खूश झाले. मला कॉलर असती तर ती ताठ झाली असती.

पुढे मी एका मेजरसाहेबांच्या कमरेला आलो. त्यांचा हात रिव्हॉल्व्हरवर बसलेला, माझी रीत त्यांना नवी. एका रविवारी जेवणानंतर ते मेहुण्याला माझी ऐट दाखवू लागले. मॅगझिन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "झालं रिकामं." झाले नव्हते. एक गोळी नळीत बसलेली होती आणि मला वाचा नव्हती. साहेबांनी गमतीने मला मेहुण्याच्या छातीवर रोखले. माझा जीव टांगणीला लागला.

बाईसाहेब टेबल आवरत होत्या. "माझ्या भावावर कसलं रोखताय? तोंड तिकडे करा आधी."

"अगं, रिकामं आहे."

"असू दे. तिकडे करा."

बायकोचे मन राखायला साहेबांनी मला भिंतीकडे वळवले आणि चाप ओढला. गोळी सुटली आणि भिंतीतल्या कपाटातल्या बशांचा चुराडा झाला. मेहुणा म्हणाला, "दाजी, रिकामं होतं ना?"

दुसऱ्या कोणी ही गोष्ट दडपली असती. साहेबांनी मला सैनिकी शाळेत नेले आणि नळीत बसलेली गोळी दिसावी म्हणून माझी कूस कापून घेतली. तिथे आता खोटी गोळी असते. ते नव्या जवानांसमोर मॅगझिन काढत आणि विचारत, "रिकामं?" सगळे "हो साहेब" म्हणत. मग ते माझी कापलेली बाजू पुढे करत. "अशाच गोळीने मी माझा मेहुणा मारला असता," असे ते स्पष्ट सांगत.

मित्रांनो, माझ्यासारखे काही दिसले तर हात लावू नका. मोठ्यांना हाक मारा. कोणी कितीही छातीठोकपणे "रिकामं आहे" म्हणाले, तरी लांबच राहा.

मी सुखात आहे. मेहुणा परवापरवा गेला, खूप म्हातारा होऊन, स्वतःच्या अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात. एका पिस्तुलाला याहून मोठी शाबासकी कोणती मिळणार?