आज या

लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत मावशी मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायची. फुकट आणि मोठ्या हौसेनं. सुरुवातीला खोली भरून गेली, मग एकेक जण गळायला लागला. दिवसभर राबणारी माणसं, वर्गाचा वारच त्यांच्या डोक्यातून निसटायचा. रिकाम्या खुर्च्यांसमोर खडू घेऊन बसलेली मावशी पाहिली की भाचीचा जीव तुटायचा.

भाची मोबाइलच्या दुकानात कामाला. तिनं सगळ्यांना मेसेज धाडला : 'आज सायंकाळी साक्षरता वर्गास आवर्जून उपस्थित राहावे.'

त्या संध्याकाळी चिटपाखरूही फिरकलं नाही. मेसेज पाहून मावशी पोट धरून हसली.

"अगं शहाणे, हे वाचता येत असतं तर ते माझ्याकडे कशाला आले असते?"

भाची ओशाळली. "मग फोन करते एकेकाला."

"नको, मेसेजच धाड. मजकूर मी सांगते. लिही, 'आज या.'"

"एवढंच?"

"त्यांना तेवढंच येतं अजून."

भाचीला काही खात्री वाटेना. पण पुढच्या वर्गाला वेल्डर धडधडत जिना चढून आला, फोन दोन्ही हातांत धरून.

"बाई, वाचलं मी! बायकोला विचारलं नाही, पोरीला विचारलं नाही!"

त्याच्यामागून भाजीवाली आली. "मी तर कंपनीचा मेसेज म्हणून पुसणारच होते. तेवढ्यात 'आज' दिसलं."

मग मावशी मेसेजमध्ये दर वेळी नुकतंच शिकवलेलं एखादं अक्षर घालू लागली. आपण बरोबर वाचलं का, हे विचारायला तरी माणसं येऊ लागली. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा लॉन्ड्रीवाल्यानं खालचं बाकडं वर आणून दिलं.

एका संध्याकाळी वेल्डरची खुर्ची मात्र रिकामी राहिली. भाची हळहळतेय तोच मावशीचा फोन वाजला. पडद्यावर अक्षरं होती : 'बाई आज येत नही. तप आह.'

चष्मा पुसून मावशीनं फोन सगळ्यांना फिरवून दाखवला. "ताप आलाय त्याला. आणि बघा, स्वतः लिहून कळवलंय!"

न आलेल्या माणसाचं इतकं कौतुक भाचीनं कधी पाहिलं नव्हतं. मावशीचा हात धरून तिला म्हणावंसं वाटलं, तू भारी आहेस गं. पण भाजीवालीनं फोन केव्हाच काढून घेतला होता. सगळी डोकी एकत्र आली, जीभ चावत एकेक अक्षर शोधलं गेलं आणि उत्तर गेलं : 'आराम करा.'